क्रोमविना क्रोमची झळाळी

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२७ पासून शोभेच्या क्रोम मुलाम्यासाठी हेक्साव्हॅलंट क्रोमियम वापरता येणार नाही. राज्याच्या वायुसंपदा मंडळाने मे २०२३ मध्ये हा नियम संमत केला. इमारत बंदिस्त करून हवा गाळण्याच्या अटी पाळणाऱ्या कारखान्यांना २०३० पर्यंत सवलत आहे. यंत्रांच्या दट्ट्यांवर आणि दांड्यांवर चढणाऱ्या जाड, कठीण क्रोमला २०३९ पर्यंत मुदत मिळाली आहे. ही बातमी प्रथमदर्शनी कारखानदारांची आणि कामगारांची वाटते. परंतु तिची झळ आणखी एका वर्गाला लागते. जुनी मोटार गॅरेजमध्ये उभी करून शनिवार-रविवारी तिच्यात जीव ओतणाऱ्या, न मिळणारा भाग स्वतःच घडवणाऱ्या हौशी कारागिरांचा हा वर्ग आहे.

समोरच्या जाळीची चौकट, दिव्याभोवतीची कडी, आरशाचा दांडा, डॅशबोर्डवरचे एखादे बटण असे भाग आज घरी घडवणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ॲल्युमिनियमची पट्टी वाकवता येते, फायबरग्लासचा साचा काढता येतो, थ्रीडी प्रिंटरवर नेमका आकार उतरवता येतो. अडचण येते ती शेवटच्या पायरीवर. मूळ गाडीवरचा भाग आरशासारखा चमकतो आणि घरचा भाग कितीही सुबक असला तरी त्याच्याशेजारी निस्तेज दिसतो. आजवर यावर एकच उत्तर होते: मुलामा देणाऱ्याकडे तो भाग सोपवणे. ते उत्तर दुर्मीळ आणि महाग होऊ लागले, की घरच्या घरी बादलीत तोच प्रयोग करून पाहण्याचा मोह होतो. हा मोह का टाळावा आणि तो टाळूनही क्रोमच्या जवळ जाणारी झळाळी कशी साधावी, हे समजण्यासाठी क्रोम म्हणजे नेमके काय, येथूनच सुरुवात करावी लागते.

चमक वरच्या थरात नसते

सामान्य समजूत अशी, की क्रोमचा भाग चमकतो तो क्रोमियममुळे. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. शोभेच्या मुलाम्यात क्रोमियमचा थर साधारण पाव मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी पातळ असतो. त्याखाली निकेलचा थर असतो. तो दहा ते तीस मायक्रॉनांचा, अनेकदा त्याहूनही जाड. त्याच्याही खाली पुष्कळदा तांबे असते. खालचे ओरखडे आणि खाचा भरून काढण्याचे काम तांबे करते, आरसा निकेल घडवते आणि क्रोमियम त्या आरशावर पारदर्शक वाटावे इतके पातळ कवच चढवते. निकेल एकटे उघड्यावर ठेवले तर काही महिन्यांत पिवळसर आणि मलूल होते. क्रोमियमवर मात्र हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक अदृश्य ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. ओरखडा उठला तरी तो पुन्हा जमतो आणि खालच्या धातूला गंजू देत नाही. म्हणूनच १९२०च्या दशकाच्या मध्यास, कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांच्यासारख्या संशोधकांनी ही प्रक्रिया व्यवहार्य केल्यावर, अमेरिकी मोटारींवरचे निकेल मागे पडले आणि क्रोमचे युग अवतरले. १९५०च्या दशकात ते शिगेला पोहोचले. १९५९ची कॅडिलॅक पाहिली, की धातूच्या या हव्यासाला काही सीमा होती का, असा प्रश्न पडतो.

या नावातही एक गंमत आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये हे मूलद्रव्य ओळखले. त्याची संयुगे लाल, पिवळी, हिरवी अशी बहुरंगी असल्याने रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. ज्या धातूला आपला असा रंग जवळजवळ नाही, जो समोरच्याचाच रंग परत फेकतो, त्याचे नाव रंगावरून पडावे!

क्रोमियम हा काही सर्वांत उजळ आरसाही नव्हे. चांदी आपल्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत पाठवते, ॲल्युमिनियम सुमारे ९० टक्के आणि क्रोमियम जेमतेम ६० ते ७० टक्के. क्रोमची खरी ओळख तिच्या किंचित गडद, निळसर थंडपणात आहे. घरी काम करणाऱ्यासाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण त्याला सर्वाधिक चकाकणारा पदार्थ शोधायचा नाही. त्याला पृष्ठभाग इतका गुळगुळीत करायचा आहे, की त्यावरचे उंचवटे प्रकाशलहरींच्या लांबीपेक्षा, म्हणजे मायक्रॉनच्या अर्ध्याहूनही, पुष्कळ लहान राहतील. उंचवटे त्याहून मोठे असले तर प्रकाश विखुरतो आणि वर चांदी ओतली तरी ती राखाडीच दिसते.

बादलीतला धोका

नियम ज्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमवर बंदी घालतो तो वर दिसणारा धातू नव्हे. मुलाम्याच्या टाकीत क्रोमिक ॲसिडच्या रूपाने असलेली ती सहा संयुजांची अवस्था आहे. गाडीवर चढलेले क्रोम निरुपद्रवी असते. धोका ते चढवताना असतो. या टाकीतून विद्युतप्रवाह सोडला, की त्यातला दहा-वीस टक्के हिस्साच धातू बसवण्याच्या कामी येतो. उरलेला प्रवाह पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे उठवतो. प्रत्येक बुडबुडा फुटताना ॲसिडचा सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. हा तुषार श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. जुन्या काळच्या मुलामा कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडत आणि हातांवर न भरणाऱ्या जखमा होत. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनी २००६ मध्ये कारखान्यातील हवेत घनमीटरमागे आठ तासांच्या सरासरीने पाच मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. चिमटीभर मिठाचेही वजन काही लाख मायक्रोग्रॅम असते, यावरून ही मर्यादा किती कडक आहे याची कल्पना यावी.

कॅलिफोर्नियाला या विषाची ओळख कारखान्यांपुरतीच नाही. मोहावी वाळवंटातील हिंक्ली या गावी वायूवाहिनीच्या केंद्रातील शीतन-मनोऱ्यांत गंज रोखण्यासाठी १९५२ ते १९६६ या काळात हेच रसायन वापरले गेले आणि ते भूजलात उतरले. एरिन ब्रॉकोविच यांच्या पाठपुराव्याने पुढे आलेल्या त्या खटल्यात १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलरांची तडजोड झाली. त्यावरचा चित्रपट अनेकांना आठवत असेल.

क्रोमिक ॲसिड विकत घेऊन गॅरेजमध्ये टाकी मांडण्याचा वेडेपणा फारसे कोणी करत नाही. खरी गफलत दुसरीकडे होते आणि ती करणाऱ्याला आपण काही घातक करत आहोत याची जाणीवही नसते. गंजलेला भाग स्वच्छ करण्यासाठी बादलीभर पाण्यात धुण्याचा सोडा टाकून, बॅटरी चार्जर जोडून विद्युत-विघटनाने गंज उतरवण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि ती चांगलीही आहे. तिच्यात धन टोकाला साधे लोखंड लावायचे असते. लोखंड झिजते, चिखल करते, वारंवार बदलावे लागते. म्हणून एखादा चतुर गृहस्थ स्वयंपाकघरातला जुना स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा पत्रा तेथे लावतो. स्टेनलेस स्टील झिजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळेच. भांड्यांच्या सामान्य प्रकारात ते सुमारे १८ टक्के असते. धन टोकावर, सोड्याच्या पाण्यात, तेच क्रोमियम विरघळते आणि हेक्साव्हॅलंट होऊन बसते. पाणी पिवळे किंवा नारिंगी होऊ लागते. ही खूण दिसली, की काम थांबवावे, हातमोज्यांशिवाय त्या पाण्याला स्पर्श करू नये आणि ते मोरीत ओतू नये. जुना क्रोम उतरवण्यासाठी भाग धन टोकाला जोडून कॉस्टिक सोड्यात बुडवणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. कौंटीच्या घातक घरगुती कचरा केंद्रावर असे द्रावण सीलबंद डब्यात, काय आहे ते स्पष्ट लिहून द्यावे लागते.

निकेलचा मुलामा घरी देणे या तुलनेत सौम्य आहे आणि अनेकजण तो देतातही. १९१६ पासून वापरात असलेल्या वॉट्स द्रावणात निकेलचे दोन क्षार आणि बोरिक ॲसिड असते. कॅरमच्या फळीवर भुरभुरवायची पांढरी बोरिक पावडर ती हीच. प्लास्टिकच्या भागावर आधी ग्रॅफाइटचा किंवा तांब्याचा वाहक रंग देऊन, मोरचूद आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या द्रावणात तांबे चढवून, मग निकेल बसवता येते. मात्र निकेलचे क्षार त्वचेला कायमची ॲलर्जी जडवू शकतात आणि त्यांची धूळ वा तुषार श्वासात जाणे कर्करोगकारक आहे. एवढे सांभाळूनही वर क्रोमियमचे कवच नसल्याने ते निकेल बाहेरच्या हवेत मळकट होणारच. डॅशबोर्डवरच्या बटणासाठी ते चालेल, बंपरसाठी नाही.

याच ओघात एक इशारा, जो हौशी वर्तुळात फार कमी ऐकू येतो. कठीण पोलादाचे बोल्ट, स्प्रिंगा, निलंबनाच्या कड्या यांना घरी ॲसिडने धुऊन मुलामा देऊ नये. ॲसिडमधील आणि विद्युत-विघटनातील हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. भाग वरून देखणा दिसतो आणि काही दिवसांनी, भार असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता तडकतो. कारखाने असे भाग मुलाम्यानंतर काही तासांच्या आत भट्टीत सुमारे २०० अंशांवर तासन्‌तास तापवून हायड्रोजन बाहेर काढतात. चमक हवी म्हणून चाकाचा नट घरी मुलाम्याला घालणे हे जिवावर बेतणारे काम आहे.

तीन वाटा, एकच पूर्वतयारी

मुलामा वगळला तर घरच्या कारागिरासमोर मुख्यतः तीन वाटा उरतात. पहिली सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक: भाग मुळात ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा करावा आणि तोच घासून आरसा करावा. ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरपासून ८००, १२००, २००० असे चढत जायचे आणि प्रत्येक वेळी दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेले की नाहीत ते कळते. त्यानंतर बफच्या चाकावर पॉलिशची वडी. येथे घाई करणारा नेमका एक टप्पा वगळतो आणि मग कितीही बफिंग केले तरी उन्हात धरल्यावर जुने ओरखडे हसत वर येतात. ॲल्युमिनियमची धूळ पेट घेऊ शकते. लोखंड घासलेल्या चाकावर ॲल्युमिनियम घासल्यास ठिणगी आणि धूळ एकत्र येतात, म्हणून दोहोंची चाके वेगळी ठेवावीत. घासलेले ॲल्युमिनियम चांदीसारखे उबदार, पांढरे दिसते. स्टेनलेस क्रोमच्या अधिक जवळ जाते आणि एक्झॉस्टजवळच्या उष्णतेतही टिकते, फक्त फार तापल्यास निळे-सोनेरी पट्टे धरते.

दुसरी वाट क्रोम रंगाची. बाजारात या नावाने मिळणाऱ्या बहुतेक स्प्रे कॅनमधून निघते ती राखाडी चंदेरी. तिच्यात आणि नव्या पत्र्याच्या डब्यात फारसा फरक नसतो. खरा आरसा देणाऱ्या रंगांत ॲल्युमिनियमच्या अत्यंत पातळ, सपाट पापुद्र्यांचा वापर होतो. ते पापुद्रे एकमेकांशेजारी आडवे पहुडले तरच आरसा जमतो. म्हणून खाली काच वाटावी असे चकचकीत काळे अस्तर लागते. ते अस्तर पूर्ण सुकू द्यावे, दोन दिवस थांबावे, आणि मग क्रोम रंगाचे धुक्यासारखे दोन-तीन हलके हात द्यावेत. पापुद्र्यांच्या फटींतून खालचा काळा रंग डोकावतो आणि ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या तेजाला क्रोमचा गडदपणा येतो. जाड थर दिला, की पापुद्रे एकमेकांवर उभे राहतात आणि सगळी चमक विझते. सर्वांत मोठी परीक्षा वरच्या क्लिअर कोटची. त्यातला थिनर खालच्या पापुद्र्यांना हलवतो आणि रात्रभराची मेहनत दहा सेकंदांत राखाडी होते. तो न द्यावा तर बोटाचा ठसाही चमक घेऊन जातो. यावर उपाय एवढाच, की क्रोम थराला दिवसचे दिवस सुकू द्यावे आणि क्लिअर कोटचा पहिला हात जवळजवळ कोरडा, दुरून, फुंकल्यासारखा द्यावा. दोन घटकांच्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा वास येऊ लागण्यापूर्वीच इजा होऊ शकते आणि एकदा जडलेला दमा आयुष्यभर पाठ सोडत नाही. साधा कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल, तर एवढा एक हात रंगकाम करणाऱ्या दुकानातून देऊन घेणे शहाणपणाचे.

तिसरी वाट खऱ्या धातूची, तरीही मुलाम्याच्या टाकीविना. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये काचेवर चांदी चढवण्याची जी युक्ती शोधली, तीच आज दोन तोंडांच्या स्प्रेगनमधून वापरली जाते. चकचकीत अस्तरावर प्रथम टिनच्या क्लोराइडचे पाणी फिरवायचे, ते शुद्ध पाण्याने धुवायचे आणि मग एका तोंडातून चांदीचे अमोनियायुक्त द्रावण व दुसऱ्यातून ते विघटित करणारे द्रावण एकाच जागी सोडायचे. काही क्षणांत तपकिरी डाग उमटतो आणि पाहता पाहता त्याचा आरसा होतो. पृष्ठभाग स्वच्छ आहे की नाही ते पाणी सांगते. ते अखंड पडद्यासारखे पसरले तर काम पुढे न्यावे, थेंब थेंब होऊन फुटले तर कुठेतरी बोटाचे तेल आहे. चांदीवरचा क्लिअर कोट किंचित पिवळसर दिसतो आणि भाग क्रोमऐवजी फिक्या सोन्याकडे झुकतो, म्हणून अनुभवी कारागीर त्यात जांभळ्या-निळ्या रंगाचा थेंब टाकतात. पांढऱ्या धोतराला नीळ देण्यामागचे तर्कशास्त्र हेच होते. चांदीचे तयार द्रावण मात्र त्याच दिवशी संपवावे. अमोनियायुक्त चांदी साठून राहिली, तर तिच्यातून धक्क्यासरशी स्फोट पावणारे संयुग तयार होऊ शकते. बाटली शेल्फवर विसरणे ही येथे साधी चूक नव्हे.

ज्यांना यातले काहीच घरी करायचे नाही, त्यांच्यासाठी निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ बसवून देणारी दुकाने आहेत. मोटारीच्या दिव्यामागचा चकचकीत वाडगा असाच घडतो. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीचा आरसाही ॲल्युमिनियमच्या अशाच पातळ थराचा आहे. सपाट किंवा एकाच दिशेने वळलेल्या पट्ट्यांसाठी क्रोमचा चिकट पापुद्रा स्वस्तात काम भागवतो. गोलाकारावर ताणला, की तो पांढरट पडतो.

कोणतीही वाट धरली तरी पूर्वतयारी तीच राहते आणि एकूण वेळेपैकी बहुतेक तिच्यातच जातो. प्रिंटरवर उतरवलेल्या भागाच्या पायऱ्या प्राइमरने आणि लांबीने भरायच्या, घासायच्या, पुन्हा भरायच्या. साधा रंग जे दोष पोटात घालतो, ते आरसा चव्हाट्यावर मांडतो. कल्हईवाला भांडे आधी घासूनपुसून, नवसागर फिरवून मगच कथील लावत असे. पूर्वतयारीतला आळस कथिलाने झाकला जात नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. प्लास्टिकची निवडही येथेच करायची असते. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडते आणि उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा तापतो. चमकदार कवचाखालचा भाग वाकला, की कवचाला भेगा जातात. एबीएस शंभर अंशांपर्यंत तग धरते, एएसए उन्हातही टिकते. डॅशबोर्डच्या वरच्या कडेला आरसा न बसवणे चांगले. दुपारच्या उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येते आणि अमेरिकेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस चालकाच्या समोरच्या चकचकीत धातूवर बंधने घातली होती ती याच कारणासाठी.

बंपर, दरवाजाची मूठ, दिव्याची बाहेरची कडी अशा, रोज पाऊस-धूळ-हात सोसणाऱ्या भागांना मात्र रंग किंवा चांदी पुरी पडत नाही. तेथे खरे क्रोमच हवे आणि ते कॅलिफोर्नियातही मिळत राहील, ट्रायव्हॅलंट म्हणजे तीन संयुजांच्या, कितीतरी कमी विषारी क्रोमियमच्या टाकीतून. मुलाम्याच्या खर्चातला मोठा वाटा घासण्याच्या मजुरीचा असतो. धातूचा भाग घरी आरशापर्यंत नेऊन दिला तर बिल लक्षणीय उतरते. मात्र किती घासून आणावे, कुठला कोपरा झिजवू नये, हे दुकानदाराला आधी विचारावे. ट्रायव्हॅलंट क्रोमची छटा जुन्या क्रोमहून किंचित गडद किंवा उबदार असू शकते. म्हणून गाडीवरचा एक मूळ भाग सोबत न्यावा आणि दुकानातला नमुना ट्यूबलाइटखाली न पाहता, त्या भागाशेजारी धरून बाहेर उन्हात पाहावा.